पापलेटची पिल्लं वाचवायची तर मोजपट्टी हवी की मासेमारी बंद?

दालदीवाला: २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींना पकडण्याची किमान लांबी ठरली, पापलेटला १३५ मिमी. माझ्या मते या पट्टीने एक पिल्लू वाचणार नाही. वसई-उत्तनची करली डोल, म्हणजे खोल पाण्यात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, एप्रिल-मेमध्ये पिल्लं उचलते. डोल प्रवाहात तोंड उघडून उभी. मासा खोळात (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत) दबून मेलेलाच वर येतो. मेलेलं पिल्लू समुद्रात परत टाकून काय होणार? सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. गावांनी आपणहून १५ मे ते १५ ऑगस्ट पाळावी.

खोळ-खुंट: दरवेळी डोलच दिसते का? ट्रॉलच्या (बोटीने ओढायच्या जाळ्याच्या) खोळाला ४० मिमी चौकोनी आस (जाळ्याचं भोक) सांगितलीय, ती किती बोटींवर आहे ते आधी बघा. डोलीला तीच आस लावली तर जवळा, करंदी अशी बारीक कोळंबी सगळी गळून जाईल. आणि १५ मेपासून बंद म्हणजे ऐन आगोटीच्या (पावसाळ्याच्या) तोंडावर सुकवणीचं काम बुडणार. दालदीवाल्यांना (तरंगत्या जाळ्याने पापलेट धरणाऱ्यांना) पापलेट मिळेल, आमच्या बायकांच्या वलांडीवर (मासे सुकवायच्या बांबूवर) काय टांगायचं?

बंदरावरून: जवळ्याची डोल आणि करली डोल एकाच मापात का तोलता? किनाऱ्याजवळची बारीक डोल चालू ठेवा, खोल पाण्यातली करली डोल तेवढी एप्रिलपासून उचलून बंद ठेवा. जोर मच्छीमार सोसायट्यांनी लावावा. डिझेल, बर्फ त्यांच्याकडे. सातपाटीत पापलेटचा भावही वजनाच्या प्रतवारीने सोसायटीच व्यापाऱ्यांशी ठरवते. सगळ्यात खालच्या प्रतीला भावच ठरवू नका.

खोळ-खुंट: भाव नाही म्हटलं की तो माल रात्री टेम्पोत परस्पर जातो. तोटा नियम पाळणाऱ्याचाच.

बंदरावरून: म्हणून तपासणी वजनकाट्यावर नको, बोट लागते तिथे हवी. आणि मोजायचं कुठपर्यंत हेही आधी ठरवा. पापलेटच्या शेपटीचा खालचा फाटा लांब असतो, बर्फात तुटतो. तुटका मासा मोजून दंड केला तर भांडणच होणार.

दालदीवाला: करली डोल एप्रिलपासून उचलायची, हे मान्य. मग १५ मेचा हट्ट सोडतो. पण पर्ससीनचं (थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याचं) काय? २०१६ च्या आदेशाने बंधनं आली, पण १२ सागरी मैलांपलीकडे राज्याचा कायदाच संपतो.

खोळ-खुंट: पर्ससीनचा वेगळा धागा काढा. इथला अडसर कवींचा, म्हणजे डोलीचे खुंट ठोकायच्या समुद्रातल्या जागांचा आहे. कव मारण्यावरून सातपाटी आणि वसई-उत्तन वर्षानुवर्षं भांडतायत. एका गावाने डोल उचलली आणि शेजारच्याने त्याच जागी खुंट ठोकला, तर पुढच्या वर्षी कुणी उचलणार नाही. आधी रिकामी कव कुणी घेणार नाही असं सगळ्या बंदरांकडून लिहून घ्या, मग तारखांचं बोलू.