यूकेमध्ये आजारपणाचे सरकारी बेनिफिट आणि बँकेतली बचत

प्रश्न: नवऱ्याला स्ट्रोक आला, नोकरी सुटली, उजवा हात अजून उचलत नाही, शर्टाची बटणंसुद्धा मीच लावते. जॉइंट अकाउंटला ११,४०० पौंड आहेत. कोणी म्हणतं बचत असली की काहीच मिळत नाही. पैसे दिराच्या नावावर करू का?

उत्तर १: ताई, अजिबात नको! बेनिफिटसाठी पैसे दुसऱ्याला दिले असं बेनिफिट ऑफिसला वाटलं तर ते तुमच्याकडेच आहेत असं धरूनच हिशोब करतात. खरं कर्ज फेडलं तर चालतं, कागद मात्र जपा.

युनिव्हर्सल क्रेडिटला (कमी उत्पन्न असणाऱ्यांना दरमहा मिळणारी सरकारी मदत) ६,००० पर्यंत बचत मोजत नाहीत, १६,००० च्या वर गेली की बंद, आणि मधे दर २५० पौंडामागे महिन्याला ४.३५ कापतात, अर्धवट २५० सुद्धा पूर्ण धरतात. म्हणजे तुमचे वरचे ५,४०० म्हणजे २२ हिस्से, ९५.७० कमी होतील. नवराबायकोची बचत एकत्रच धरतात हं.

उत्तर २: पिपला (PIP, दीर्घ आजारपण किंवा अपंगत्वासाठीची सरकारी मदत) बचत बघतच नाहीत, पगारही नाही, रोजची कामं किती जमतात ते बघतात, तेव्हा ते बटणांचं फॉर्ममध्ये नक्की लिहा. नोकरीत नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) भरला असेल तर न्यू स्टाईल ईएसए (ESA, आजारपणामुळे काम जमत नसलेल्यांसाठीची मदत) पण बघा, त्यालाही बचत आड येत नाही.

प्रश्नकर्ती: खूप धीर आला. भारतातला रिकामा फ्लॅट पण सांगायचा का?

उत्तर १: हो, सांगायलाच हवा. राहतं घर सोडून बाकी प्रॉपर्टी सहसा धरतात, परदेशातलीही. लपवू नका प्लीज.