किनाऱ्यावर 'थेट' चित्र कसं पोचायचं: कोकणातल्या टीव्हीचे अनुभव

मंडळी, मोठ्या घटना टीव्हीवर थेट पाहिल्याच्या आठवणी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांत आहेत. ते चित्र आपल्यापर्यंत आलं कसं, हे मात्र कुठे लिहून ठेवलेलं नाही. कुठल्या केंद्राचं चित्र, कसली अँटेना, वीज कुठून, घड्याळात किती वाजले होते आणि काय बिघडायचं, एवढंच लिहा. अँटेना बसवणारे, दुरुस्तीवाले, केबलवाले यांनी तर जरूर लिहावं. आतापर्यंत आलेले अनुभव खाली, गावाप्रमाणे.

मुरुड, अँटेनाचं काम

आधी अंतर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. चित्र कुठवर पोचेल याचा हिशेब सोपा आहे: मनोरा आणि आपली अँटेना, दोघांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ने गुणायचं. अँटेना १० मीटरवर असेल तर उत्तर येतं साधारण ८४ किलोमीटर. वरळीहून अलिबाग सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, मुरुड ७५च्या आसपास, श्रीवर्धन १०८. म्हणजे अलिबागला चित्र स्वच्छ, मुरुडला काठावर, आणि श्रीवर्धनला घरावर कितीही मोठा पाइप उभारला तरी मुंग्याच. तिथेच १०० मीटर उंचीच्या टेकडीवर अँटेना नेली तर हिशेब ११२ किलोमीटरवर जायचा आणि चित्र धरायचं.

मुंबईचा चॅनल तेव्हा ४, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. लहरी लांब, म्हणून अँटेनाच्या नळ्याही सव्वादोन मीटरच्या आसपास. नंतर वरच्या चॅनलसाठी आलेल्या आखूड नळ्यांच्या अँटेनावर मुंबई शोधत बसणाऱ्यांची फसगत व्हायची ती यामुळे.

चैत्र-वैशाखात समुद्रावर थंड दमट हवेच्या थरावर गरम कोरडी हवा बसते आणि लहरी क्षितिजापलीकडे वाकून येतात. तेव्हा एरवी न दिसणारी लांबची केंद्रंही लागायची. पण त्याच चॅनलवरचं दुसरं केंद्र आलं की चित्रावर आडवे पट्टे. अशा वेळी अँटेना फिरवण्यात अर्थ नाही, हवा बदलली की आपोआप जातं.

मालवण, टीव्ही दुरुस्ती

वरच्या माहितीत भर घालतो. किनाऱ्यावर अँटेना उंचीपेक्षा खाऱ्या वाऱ्याने जास्त वाया गेल्या. नळी ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी, वर मिठाचा थर: जोड एका पावसाळ्यात पांढऱ्या भुकटीने भरतो. बाहेरून घट्ट, आतून संपर्क तुटलेला. उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट, जोड सँडपेपरने घासून त्यावर ग्रीस, वर रबर टेप. अँटेनापासून टीव्हीपर्यंत येणारी ३०० ओहमची चपटी वायर उन्हाने तडकते, भेगेत मीठ आणि पाणी जातं, आणि पावसाला सुरुवात झाली की चित्र जातं. ही वायर लोखंडी पाइपला चिकटवून आणायची नाही, चार बोटं लांब ठेवायची. खिडकीतून आत घेण्याआधी खाली झोळ सोडायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळतं.

बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) वर, अँटेनाजवळ हवा. टीव्हीशेजारी लावला तर वायरीत शिरलेला गोंगाटच मोठा होतो.

चिपळूणजवळून

१९८४साठी एक गोष्ट लक्षात घ्या. इन्सॅट-१बी उपग्रह ऑगस्ट १९८३मध्ये अवकाशात गेला आणि १९८४मध्ये देशभर, उपग्रहाचं चित्र घेऊन आसपास पोचवणारी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली. ती १०० वॉटची. मोकळ्या जागी वीस-पंचवीस किलोमीटर, खाडीच्या खोलगटात किंवा डोंगराच्या पाठीशी काहीच नाही. म्हणून राकेश शर्मांचं अंतराळातून झालेलं संभाषण (एप्रिल १९८४) आणि इंदिरा गांधींचा अंत्यविधी (३ नोव्हेंबर १९८४) यांत सातच महिने असले तरी दोन्ही 'थेट' पाहिल्याचं लिहिण्याआधी आपल्या भागातलं केंद्र कधी सुरू झालं ते बघा.

वीज नसेल तिथे १२ व्होल्टवर चालणारा छोटा कृष्णधवल संच आणि गाडीची किंवा होडीची बॅटरी. संच साधारण १५ ते २० वॉट खातो, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. ४० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी वापरली तरी बारा तास जातात. त्यापुढे ओढली तर प्लेटा खराब. लाल-काळी वायर उलटी लागली की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी तार बांधलेली असेल तर आतला भाग जळतो.

रत्नागिरी

११ सप्टेंबर २००१ची वेळ नीट नोंदवा. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर पहिलं विमान आपल्याकडच्या ६ वाजून १६ मिनिटांनी धडकलं, दुसरं ६.३३ला, म्हणजे आपल्या दिवेलागणीला. दक्षिण मनोरा ७.२९ला कोसळला, उत्तर मनोरा ७.५८ला. पहिली धडक टीव्हीवर कुणीही थेट पाहिलेली नाही. ते चित्रण नंतर दाखवलं गेलं. थेट दिसली ती दुसरी धडक. आठवणीत हे दोन्ही एकमेकांत मिसळतात.

त्याच वेळी गावोगावी दिवे लागायचे आणि व्होल्टेज पडायचं. १७०च्या खाली काचेच्या नळीचा टीव्ही चारही बाजूंनी आक्रसतो, ट्यूबलाइट पेटत नाही. स्टॅबिलायझर फ्रिजचा वेगळा, टीव्हीचा वेगळा हवा. एकावर दोन्ही लावले की कॉम्प्रेसर सुरू होताना टीव्ही बंद पडतो.

वेंगुर्ला, डिश बसवणं

चांद्रयान-२च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला तो ७ सप्टेंबर २०१९ला मध्यरात्रीनंतर १.५३च्या सुमारास, चंद्रापासून २.१ किलोमीटरवर. गौरीपूजनाची रात्र, घरं भरलेली, सगळी जागी. पावसाळ्यातच प्रश्न येतो: डीटीएचच्या केयू बँडला (आखूड लहरींना) जोराचा पाऊस अडवतो, केबलवाल्यांच्या मोठ्या सी बँड (लांब लहरींच्या) तबकडीला फारसा नाही. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची तबकडी लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि मध्यम सरीत चित्र टिकतं. ढगफुटीसारख्या पावसात तीही हरते.

डीडी फ्री डिशसाठी (दूरदर्शनची मोफत डिश सेवा) जीसॅट-१५ उपग्रह, ९३.५ अंश पूर्व. रत्नागिरीहून दिशा आग्नेय (उत्तरेपासून १२८ अंश), क्षितिजापासून उंची ५९ अंशांच्या आसपास. एवढ्या उंचीला सह्याद्री आड येत नाही, माड येतो. झावळी वाऱ्याने हलली की चित्राचे चौकोन पडतात. पाऊस नसताना, फक्त वाऱ्यात चित्र तुटत असेल तर आधी वर बघा.

चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६.०४ला. एकाच वाडीत टाळ्या मागेपुढे वाजल्या, कारण मोबाइलवरचं 'थेट' डिशच्या मागे बरेच सेकंद असतं.

दिवेआगर

३ जून २०२०चं निसर्ग वादळ राहून गेलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड सगळ्या देशाला टीव्हीवर दिसत होतं. इथे खांब आडवे झालेले, मोबाइलचे टॉवर बंद, काही वाड्यांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. बातमी ज्यांची, त्यांनाच ती दिसत नव्हती, हे नोंदलं गेलंच पाहिजे. म्हणून वादळाचा इशारा आला की तबकडी उतरवून पडवीत ठेवा, पायाच्या खांबावर रंगाने खूण करा म्हणजे परत बसवताना दिशा शोधावी लागत नाही. केबल बॉक्सपासून सोडवा, टोकाला प्लास्टिक गुंडाळा. आणि सेलवर चालणारा मीडियम वेव्हचा रेडिओ हाताशी ठेवा. सेल मात्र रेडिओतून काढून वेगळे ठेवा, पडून राहिले की ते आतच पाझरतात.