सिम्युलेटर घेतला खरा, पण आता उडून जायचं कुठे?

कोथरूडकर३२०:
मंडळी, हसू नका. मार्चमध्ये बोनस आला तेव्हा फ्लाइट सिम्युलेटर घेतला, वर जॉयस्टिक आणि थ्रॉटल. पहिला आठवडा झोप नाही. आधी स्वतःचं घर शोधलं (आमच्या तीन मजली सोसायटीच्या जागी सिमने टॉवर उभा केलाय, बिल्डरला दाखवू नका). मग सिंहगड, आयफेल टॉवर, नेपाळमधलं लुक्ला. तिथल्या ५२७ मीटरच्या धावपट्टीवर सतराव्या प्रयत्नात उतरलो त्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

आता लोहगावहून एअरबस उचलतो, ऑटोपायलट लावतो आणि दिल्लीपर्यंत ढग बघत बसतो. परवा बायकोने विचारलं, "हा स्क्रीनसेव्हर किती तास चालतो?" निम्म्या वेळा इंदूरच्या आसपासच बंद करतो. जॉयस्टिकवर धूळ बसायला लागली आहे. तुम्ही लोक वर्षानुवर्षं काय करता?

एडिसनचा_बंड्या:
२०२४ च्या आवृत्तीत करिअर मोड आहे. प्रवासी न्या, माल न्या, आगी विझवा, पैसे साठवून विमान घ्या. मी तीन आठवडे खेळलो. मग लक्षात आलं की एका ऑफिसातून सुटून दुसऱ्या ऑफिसात जातोय, तिथेही रेटिंग. तुला जमेल कदाचित.

एफ_डिव्हिजन:
भाऊ, मी नागपूरचा. आरएमएसच्या (रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे रेल्वेतलं टपाल) एफ डिव्हिजनमध्ये ३४ वर्षं सॉर्टिंग केलं, आता पेन्शनीत आहे. नातवाने नवा संगणक घेतला तेव्हा जुना माझ्या वाट्याला आला, त्यात हा खेळ होता. मला विमानातलं काही कळत नव्हतं, टपालातलं कळत होतं. म्हणून मी टपालच नेतो.

१९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही गावांहून एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्री सगळी आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. त्याच वर्षी ऑल-अप योजना आली, देशातल्या पत्राला विमानाचं जादा तिकीट लागेना. मी हे सीनियर सॉर्टरांच्या तोंडून ऐकलेलं. एका विमानाला उशीर झाला की बाकी तीन गावांच्या थैल्या खोळंबल्या.

तर मी डीसी-३ घेतो, आपल्याकडे डकोटा म्हणत ते. जुन्या पॅनलचं. आधी वहीत पेन्सिलीने मेल लिस्ट करतो: कलकत्ता ११ थैल्या, मद्रास ७, दिल्ली ९. त्यांचं वजन सिमच्या रकान्यात भरतो. सांताक्रूझ ते सोनेगाव ६८५ किलोमीटर. ताशी २६० धरा, म्हणजे अडीच तासांहून थोडं जास्त. जीपीएस बंद. होकायंत्र, घड्याळ आणि खालचे दिवे. औरंगाबाद नाकासमोर आलं तर बरोबर. पुढे डाव्या हाताला अकोला, मग अमरावती, आणि उजवीकडे वर्धा दिसलं की खाली यायला लागायचं. त्या काळी एवढे दिवे नव्हते, तेवढी बेइमानी चालवून घ्या.

एकदा वर्धा डाव्या हाताला दिसलं. उत्तरेच्या वाऱ्याने दक्षिणेला ढकललं होतं आणि मला पत्ताच नाही. इंजिनं व्यवस्थित, पेट्रोल भरपूर, तरी तळहाताला घाम. साडेबाराला मद्रासवाला तिथे उभा असणार ना बाप्पा!

कोथरूडकर३२०:
काका, काल रात्री केलं. वहीसुद्धा केली. सांताक्रूझहून ९:५० ला उठलो, ४,५०० फुटांवर सरळ झालो, झकास चाललं होतं. पंचविसाव्या मिनिटाला पडदा काळा. नकाशा उघडला तर हरिश्चंद्रगड! कॉलेजात ज्या तारामतीवर चढताना तोंडाला फेस आला होता, तिच्यातच विमान घातलं.

धावपट्टी०९:
तारामती १,४२९ मीटर, म्हणजे जवळजवळ ४,७०० फूट. साडेचार हजारांवर दुसरं काय होणार होतं? 😄 मी बारामतीला फ्लाइंग शिकतेय. असला प्लॅन घेऊन गेले असते तर इन्स्ट्रक्टरनी विमानाजवळ फिरकू दिलं नसतं. डोंगराळ भागात वाटेच्या आजूबाजूचं सगळ्यात उंच टोक शोधायचं आणि त्यावर २,००० फूट ठेवायचे. तुमच्या डाव्या बाजूला कळसूबाई आहे, ५,४०० फूट. पूर्वेकडे जाताना उंची विषम हजार अधिक ५०० फूट ठेवतात, म्हणून ७,५०० घ्या. आणि हवामान 'लाइव्ह' ठेवा. निघण्याआधीच लिहून ठेवा की कुठवर दिवे दिसले नाहीत तर परत फिरायचं. वर गेल्यावर ठरवायला बसलात की माणूस स्वतःलाच फसवतो. जूनमध्ये माझी तीन उड्डाणं हवामानामुळे रद्द झाली, तीही मी लॉगबुकच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

एफ_डिव्हिजन:
विमान जाऊ द्या, ते नवीन मिळते. थैल्या किती होत्या?

कोथरूडकर३२०:
नऊ. 😐 वेड्यासारखं आहे, पण यादीवर काट मारताना वाईट वाटलं.

कोथरूडकर३२०:
आज पुन्हा गेलो, ७,५०० वरून. सिन्नरच्या पुढे ढग लागले, औरंगाबाद दिसेचना. धावपट्टीताईंचं ऐकून कागदावर लिहिलं होतं: १०:५५ पर्यंत दिवे नाहीत तर परत. १०:५२ ला ढगांच्या फटीतून दिसले. पुढचे दोन तास ऑटोपायलटला हात लावला नाही, म्हणजे डकोटात तो होता की नाही हेही बघितलं नाही. सोनेगाव १२:४१. टेकल्यावर शेपटाने डावीकडे झोका घेतला आणि विमान गवतात. थैल्या शाबूत. बायको पाणी प्यायला उठली होती, म्हणाली, "पोचलं का टपाल?"

एफ_डिव्हिजन:
११ मिनिटं लेट. पहिल्या खेपेला माफ. शेपटाच्या चाकाचं कुलूप उतरण्याआधी लावत जा.

एडिसनचा_बंड्या:
काका, हे चौघांनी एकदम केलं तर? मल्टिप्लेअरमध्ये. मला कलकत्ता द्या.

धावपट्टी०९:
मद्रास माझं. शनिवारी चालेल, रविवारी सकाळी क्लास नाही.

एफ_डिव्हिजन:
ठरलं. सोनेगावला १२:३० ला भेटायचं. अंतराच्या हिशेबाने कलकत्ता ८:४० ला निघेल, मद्रास ९:००, दिल्ली ९:१०, मुंबई ९:५०. दिल्लीचं मी आणतो. वाट दाखवणारे बाण सगळ्यांनी बंद करायचे. मेल लिस्ट शुक्रवारपर्यंत इथेच टाका, थैल्यांचे आकडे गावनिहाय. बंड्या, तुझ्याकडे अमेरिकेत तेव्हा सकाळ असेल, सिममध्ये रात्र लावायला विसरू नको.