मदत हवी आहे : सकाळच्या एकाच फेरीत पक्षी आणि कीटक दोन्ही कसे दाखवावेत? (जळगाव)

नमस्कार.

आमच्या वसाहतीतील काही ज्येष्ठ मंडळी आणि शाळकरी मुले यांना घेऊन आश्विन-कार्तिकात रविवारी सकाळी मेहरूण तलावाच्या परिसरात फेरी काढायचे ठरले असून तिचे नियोजन माझ्याकडे आले आहे. पक्षी पाहण्याचा मला थोडाफार सराव आहे. कीटकांच्या बाबतीत मात्र मी नवखाच आहे. तापीवरील हतनूर धरणावर जावे असा सल्ला बहुतेक जण देतात आणि तो योग्यही आहे, परंतु गुडघे दुखणारे आजोबा आणि तिसरी-चौथीतील मुले बरोबर असताना दर आठवड्याला तापीकाठ गाठणे आम्हाला जमणारे नाही. शिवाय १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड तब्बल ११३ वर्षांनी पुन्हा सापडले, तेव्हापासून खानदेशातील पक्ष्यांचा विषय निघाला की बोलणे सातपुड्याकडेच वळते. गावातल्या तलावावर आणि रस्त्याकडेच्या रुईवर काय आहे, याची चौकशी करणारे फारसे कोणी भेटत नाही.

मुख्य अडचण वेळेची आहे. ऑक्टोबरच्या मध्यास आपल्याकडे सुमारे ६.२० वाजता सूर्य उगवतो आणि पक्षी पाहायचे तर त्याच सुमारास काठावर असायला हवे. फुलपाखरे मात्र ऊन अंगावर आल्याशिवाय हलत नाहीत, आणि ती उडू लागेपर्यंत आमची अर्धी मंडळी ‘ऑक्टोबर हीट’ला कंटाळून घरी जायला निघतात. दोन वेगळ्या फेऱ्या काढणे शक्य नाही. तेव्हा क्रम कसा लावावा, हे कृपया सांगावे.

त्याबरोबरच ओळखीच्या तीन शंका आहेत. काठावर शेपटी हलवत फिरणाऱ्या धोब्यांमध्ये नेमके कोण कोण असते? रुईच्या आसपास दिसणाऱ्या नारिंगी, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या फुलपाखरांपैकी काहींची उडण्याची ढब वेगळी का वाटते? आणि मोकळ्या मैदानावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात, पण खाली बसत नाहीत, ते कोणते?

प्रतिसाद १

आपला प्रश्न फार उपयोगाचा आहे. क्रमाविषयी माझे मत थोडे निराळे आहे : कीटकांसाठी ऊन चढण्याची वाट पाहूच नये. पहाटेच्या गारव्यात चतुर, टाचण्या (चतुरांचे नाजूक, बारीक अंगाचे भाईबंद) आणि फुलपाखरे गवताच्या काड्यांवर दव अंगावर घेऊन निश्चल बसलेली असतात. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, त्यामुळे मुलांना हातभर अंतरावरून निरखता येतात. भर उन्हात त्याच चतुरामागे धावून हाती काही लागत नाही. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे काठावरच्या गवताला द्यावीत, मग पाण्याकडे वळावे. पाणपक्षी पाहताना पूर्वेच्या बाजूस उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. समोरून ऊन आले की सगळेच पक्षी काळे दिसतात. परतताना, आठाच्या सुमारास, रुई, घाणेरी आणि बोरीची झुडपे गाठावीत. मेहरूणची बोरे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्याआधी येणाऱ्या बोरीच्या बारीक, हिरवट फुलांवर माश्या, गांधीलमाश्या आणि मधमाश्यांची केवढी गर्दी होते, तिकडे कोणी पाहत नाही.

धोब्यांबद्दल. बारमाही राहणारा तो थोरला धोबी. त्याची पाठ आणि गळा काळा, भुवई ठळक पांढरी. पांढरा धोबी हिवाळी पाहुणा असून त्याची पाठ राखाडी, गळा पांढरा आणि छातीवर काळा पट्टा असतो. पिवळ्यांत गोंधळ होतो खरा. करड्या धोब्याची शेपटी सर्वांत लांब, पाय गुलाबीसर. पिवळ्या धोब्याची शेपटी आखूड, पाय काळे. गालाभोवती फिकट रंगाचे पूर्ण कडे आणि पंखावर दोन रुंद पांढरे पट्टे असतील, तर तो पिवळ्या डोक्याचा धोबी समजावा, मग अंगावर पिवळा रंग अजिबात नसला तरी. पहिल्या हिवाळ्यातील पिल्ले तशीच राखाडी असतात.

फुलपाखरांविषयी आपली नजर अचूक आहे. संथ उडणारे प्लेन टायगर असावे. त्याची अळी रुईची पाने खाते, त्यातील विषारी द्रव्ये अंगात साठवते, आणि म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय या जातीच्या मादीने नेमका हाच पेहराव उचलला आहे. स्वतः ती विषारी नसते. बसल्यावर मागच्या पंखाचा मध्यभाग पाहावा : तेथे तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, मध्यभाग कोरा असला तर एगफ्लायची मादी. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात, तेव्हा ती परसबागेतही सापडेल.

चतुरांचे थवे बहुधा वॉन्डरिंग ग्लायडरचे. पावसाळी डबक्यांत वाढून हे चतुर वाऱ्याबरोबर स्थलांतर करतात, आणि भारतातून समुद्र ओलांडून ते पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत असे अभ्यासक मानतात. त्यांच्या थव्याखाली थोडे थांबावे. त्यांना टिपायला वेडे राघू हे कीटकभक्षी पक्षी हमखास येतात.

प्रतिसाद २

मी धुळ्याची असून आम्ही नकाणे तलावावर मुलांना नेतो. वरील माहितीत एकच भर घालते. रुईजवळ मुलांना पाने तोडू देऊ नका, कारण तिचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. त्याच झुडपावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडा बसलेला असतो आणि मुलांना तो पकडण्याचा मोह आवरत नाही. त्याची पिल्ले डिवचल्यावर अंगातून द्रव उडवतात, म्हणून चेहरा फार जवळ नेऊ नये.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. येत्या रविवारी गवतापासूनच सुरुवात करू. आणखी एक विचारतो : दुर्बीण एकच आहे आणि मुले बरीच आहेत. ती पाण्यावरच्या पक्ष्यांपुरती ठेवून कीटकांसाठी साधी भिंगे वाटली, तर चालेल का?