मेटिअरला काढ-घाल करता येणारी विंडशील्ड घ्यावी का?

घाटवाट : माझी रॉयल एनफिल्डची मेटिअर ३५० बाइक, फायरबॉल मॉडेल. सुपरनोव्हा मॉडेलला कंपनीकडूनच काच येते, हिला नाही. महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर, एरवी शहरात ऑफिस. ऐंशीच्या पुढे वारा छातीवर असा रेटतो की कराड येईपर्यंत मान भरून येते. शहरात मात्र काच नकोशी होते. म्हणून माझं मत : पाना न लावता निघणारीच घ्यावी.

कृष्णाकाठ : अजिबात नाही. पाना न लावता निघते म्हणजे धक्क्यानेही सैल होते. माझी काच धरणाऱ्या क्लॅम्पमधलं (पकडीतलं) रबर दोन पावसाळ्यांत चपटं झालं. खंबाटकी उतरून वाईकडे जाताना एका खड्ड्यात डावी बाजू सुटली आणि काच हँडलवर आपटली. त्या दिवसापासून चार बोल्ट, लॉकनट (सैल न होणारे नट), विषय संपला. शिवाय काढलेली काच ऑफिसात ठेवणार कुठे?

वऱ्हाडी स्वार : दादा, तुमचं पुण्यात चालेल. आमच्याकडे मे महिन्यात काच लावून नागपूर-अमरावती करून पाहा. अंगाला वारा लागत नाही, जॅकेट आतून ओलंचिंब होतं. डिसेंबरच्या पहाटे तीच काच पांघरुणासारखी वाटते. फिक्स बसवली तर उन्हाळाभर भोगायची.

पवनचक्की : मला तर काचच नको. चाळकेवाडीच्या पठारावर आडवा वारा काचेला धरतो आणि हँडल खेचतो. ८० वरून १०० वर गेलात की वाऱ्याचा रेटा दीडपटीहून जास्त होतो. ऐंशीनेच चालवा, मान दुखणार नाही.

रातराणी : ताशी ऐंशीनेही चार तासांत मान दुखते, मी रोज अनुभवते. खरा घोळ उंचीचा आहे. वरच्या कडेवरून सुटलेला वारा हेल्मेटवर आदळला की तिथेच घुसळतो आणि डोकं हलत राहतं. कड नाकाच्या शेंड्याइतकी हवी, म्हणजे रस्ता काचेवरून दिसतो, काचेतून नाही. पावसात रात्री समोरच्या ट्रकचे दिवे ओल्या काचेवर पसरतात, आणि तिला वायपर नसतो. आधी पुठ्ठा कापून हेडलाइटवर चिकटवा, हेल्मेट घालून बसा, मग माप घ्या.

आणि चिकटलेले किडे कोरड्या फडक्याने घासू नका. ही काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते; ते सहसा फुटत नाही, पण चरे पटकन पडतात. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. पेट्रोल तर चुकूनही नको.

घाटवाट : शनिवारी पुठ्ठा कापतो. कृष्णाकाठ, तुमचा क्लॅम्प फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या दांड्यांच्या) मापाचाच होता ना?

कृष्णाकाठ : नव्हता. एक माप मोठा मिळाला, म्हणून ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवला होता. ती चूक माझीच. तरीही मी बोल्टच लावणार.