मदत हवी आहे: मोटोको कुसानागीत मूळचं नेमकं काय उरलंय? (मिसळीची पैज आहे)

अर्धवट_एन४

नमस्कार मंडळी. विषय जपानी अ‍ॅनिमेचा आहे. "हे काय कार्टून" म्हणणाऱ्यांनी शेजारचा पाककृतीचा धागा गाठला तरी राग नाही.

मी पुण्यात जपानीच्या क्लासला जाते. पुढच्या शनिवारी हाप्प्यो आहे, म्हणजे वर्गापुढे उभं राहून पाच मिनिटं जपानीत बोलायचं. विषय 'माझं आवडतं पात्र'. अर्धा वर्ग नारुतो घेणार, उरलेला दोराएमोन. मी मोटोको कुसानागी घेतली. १९९५चा 'घोस्ट इन द शेल', दिग्दर्शक मामोरु ओशी. गोष्ट २०२९ सालातली. गुप्त सरकारी पथकातली, सगळं शरीर कृत्रिम असलेली अधिकारी, जिला सगळे 'शोसा' म्हणजे मेजर म्हणतात.

तयारीसाठी परवा आत्याकडे बसून सिनेमा परत लावला आणि तिथेच घोळ झाला. अगदी सुरुवातीला ती उंच इमारतीच्या गच्चीवर मानेत वायरी खोचून बसलेली असते. पथकातला बातो तिला म्हणतो, तुझ्या डोक्यात आज फार खरखर आहे. त्यावर ती जे उत्तर देते ते मला 'सेइरी' असं ऐकू आलं. पाळी! मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. आतेभावाने कॉलेजात इंग्रजी डब पाहिलाय. तो म्हणतो, "ताई, काहीतरी वायर सैल झालीय असं म्हणते ती. रोबोटला कसली पाळी? तुझं जपानी अजून एन४ (जपानीच्या परीक्षेतली खालून दुसरी पातळी) आहे."

त्यावरून गाडी जी सुटली ती थांबेना. त्याचं म्हणणं, तिच्यात मूळचं काहीच नाही, मेंदूसुद्धा चिप आहे. माझं म्हणणं, मेंदू तिचाच आहे. तो म्हणतो, तिचे आईवडील दहशतवादी हल्ल्यात गेले आणि तिला असं बनवलं. मला अंधुक आठवतंय की विमानाचा अपघात होता. आत्याने शेवटी सिनेमा बंद करून जेवायला वाढलं.

हरणाऱ्याने घरातल्या सातही जणांना मिसळ द्यायची आहे. तर जाणकारांनो, सेइरी की वायर? मेंदू की चिप? आणि ती अशी झाली कशी? 'गिताइ'ला मराठीत काय म्हणावं तेही सुचवा. सरांना आधी मराठीत आराखडा द्यायचाय आणि 'कृत्रिम शरीर' लिहून माझंच समाधान होत नाहीये.

मधली_सुट्टी

वासांसि जीर्णानि यथा विहाय...

जुनाट

@मधली_सुट्टी, पहिल्या पाचात हे येणार याची खात्री होती, पहिलंच येईल असं वाटलं नव्हतं.

अर्धवटताई, कान शाबूत आहेत तुमचे. मूळ जपानीत 'सेइरी'च आहे. इंग्रजी डबमध्ये त्याची सैल वायर झाली. आतेभाऊ खोटं बोलत नाहीये, त्याने ऐकलं ते त्याच्यापुरतं बरोबर.

पण हा बदल मला वाटतो त्याहून महाग पडला. मूळ संवादात एक बाई सहकाऱ्याला सरळ चेहऱ्याने टोला हाणते. आपल्याला पाळी येऊ शकत नाही हे तिलाही ठाऊक, त्यालाही. आपल्याला मात्र अजून काहीच माहीत नसतं, आणि दोन-तीन मिनिटांनी तिचं शरीर कारखान्यात तयार होताना दाखवतात: सांगाडा, स्नायू, द्रवातून वर येणारा देह, सोलून निघणारा पापुद्रा. तेव्हा तो टोला मागाहून लागतो. वायर म्हटलं की ती पहिल्याच मिनिटाला यंत्र ठरून मोकळी. जो प्रश्न सिनेमा शेवटपर्यंत उघडा ठेवतो, त्याचं उत्तर डबवाल्यांनी दारातच देऊन टाकलं.

डॉ_कडूलिंब

टोला वगैरे ठीक, पण मेंदू खरा असेल तर पाळीचा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही.

पाळीचं घड्याळ मेंदूत असतं हे अर्धंच खरं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून संप्रेरकाचे ठोके सुटतात, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडते, अंडाशय त्याला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनने उत्तर देतं आणि त्या उत्तरावर पुन्हा वरचं ठरतं. बोलणं दोन्हीकडून चाललं तरच महिना बनतो. अंडाशय काढलेल्या बाईत एफएसएच-एलएच चढतात आणि चढेच राहतात, चक्र उरत नाही. म्हणजे कुसानागीची पिट्युटरी तिच्या कवटीच्या डब्यात जशीच्या तशी असली, तरी ती खाली कुणी नसलेल्या घराची बेल वाजवत बसणार. खरखर होईल, पण दर महिन्याला नाही.

सैल वायर शारीरदृष्ट्या जास्त पटण्यासारखी आहे, इतकं आतेभावाला सांगा. मिसळ माझ्या खात्यावर नको.

अर्धवट_एन४

डॉक्टर, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? :)

पाणबुडी

मेंदूचं सांगतो. १९९५च्या सिनेमापुरतं बोलायचं तर मेंदू आहे. लिफ्टमधला प्रसंग परत बघा. ती बातोला म्हणते, माझ्यासारख्या पूर्ण गिताइवाल्यांना (सगळं शरीर कृत्रिम असलेल्यांना) कधीतरी वाटतंच की खरी मी केव्हाच मेले असेन आणि आता जे आहे ते नुसतं बनवलेलं व्यक्तिमत्त्व असेल. बातो समजूत घालतो की तुझ्या टायटॅनियमच्या कवटीत मेंदू आहे, लोक तुला माणूस म्हणून वागवतात. त्यावर तिचं उत्तर असं की स्वतःचा मेंदू कुणी पाहिलाय? तर आतेभावाची शंका खुद्द नायिकेलाच आहे. त्याला अगदीच शून्य गुण देऊ नका.

माझा आवडता प्रसंग होडीतला. पोहणं हा तिचा छंद आहे, आणि शरीर इतकं जड की तरंगायला फुगे लागतात. ते फुगले नाहीत तर सरळ तळाशी. बातो नेमकं तेच विचारतो. वर येऊन ती होडीत बसते, पाठीमागे शहराचे दिवे, बिअरचा डबा, आणि ती सांगते की शरीरात बसवलेल्या यंत्रणेमुळे रक्तातला अल्कोहोल काही दहा-वीस-तीस सेकंदांत मोडून शुद्धीवर येता येतं, म्हणून ड्यूटीच्या मध्येही पिता येतं. बघा, रक्त आहे, दारू चढते, उतरते, आणि तरीही त्यात सोय सोडून काही उरलेलं नाही. मी हा सिनेमा बोटीवर नोकरीला असताना पहिल्यांदा पाहिला. रात्री पाण्याकडे बघत बसणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, तशीच बसते ती.

त्याच प्रसंगात आणखी एक. राजीनामा द्यायचा तिला हक्क आहे, पण हे शरीर आणि काही आठवणी सरकारला परत करायच्या! लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करण्यासारखं. 'मूळचं काय उरलंय' यापेक्षा 'तिच्या मालकीचं काय आहे' हा प्रश्न मला जास्त बोचतो.

दगडफूल

तिसरा प्रश्न माझा. तुम्ही दोघंही चुकीच्या डब्यात बसला आहात आणि गंमत म्हणजे दोघांकडेही तिकीट आहे.

ती अशी कशी झाली याबद्दल १९९५चा सिनेमा एक अक्षर बोलत नाही. विमान अपघात 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' या मालिकेतला. दिग्दर्शक केंजी कामियामा, पहिला भाग २००२ मध्ये सुरू झाला. त्यात ती लहानपणीच्या अपघातानंतर गिताइत जाते. 'अराइझ'मध्ये (२०१३ पासून) आणखी मागे, जन्माआधीच. तिथे शरीर लष्करी संस्थेच्या मालकीचं असतं. आतेभावाचे दहशतवादी २०१७च्या स्कार्लेट जोहान्सनवाल्या सिनेमातले, आणि तिथेही ती हकिगत खरी नसून तिच्या डोक्यात भरवलेली असते. ज्यांनी पाहिला नाही त्यांची क्षमा मागतो. नाही मागत खरं तर, आता बरीच वर्षं झाली.

हे सगळे वेगवेगळे संसार आहेत, एकाचा पुरावा दुसऱ्यात चालत नाही. मासामुने शिरोच्या मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये (१९८९ पासून) तर कुसानागी बरीच खट्याळ आहे, तोंडं वेडीवाकडी करते. शेवटी बातो तिच्यासाठी शरीर शोधून आणतो ते मांगामध्ये पुरुषाचं निघतं. सिनेमात लहान मुलीचं, काळ्या बाजारातून आणलेलं. त्या मुलीचा आवाज माया साकामोतोचा, आणि तिनेच पुढे 'अराइझ'ची कुसानागी केली. एरवीची कुसानागी म्हणजे आत्सुको तानाका. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. हाप्प्योत एक वाक्य त्यांच्यासाठी ठेवा.

मधली_सुट्टी

'मेट्रिक्स' सिनेमावाल्यांनी इथूनच उचललं म्हणतात ते खरं का?

जुनाट

@मधली_सुट्टी, हो, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.

मोजपट्टी

सहसा वाचूनच जाते, पण राहवलं नाही. मी कृत्रिम हातपाय बसवण्याच्या कामात आहे. वर सगळ्यांनी मेंदूवर जोर दिलाय, मला हातांबद्दल बोलायचंय.

'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स'च्या दुसऱ्या पर्वातला अकरावा भाग बघा. दवाखान्यात एक मुलगा आहे, त्याचा फक्त डावा हात हलतो. शेजारच्या खाटेवर बेशुद्ध मुलगी. तो तिच्यासाठी एका हाताने कागदाचे क्रौंच पक्षी घडत राहतो. एक दिवस तिला हलवतात, त्याला वाटतं ती गेली. पुढे गिताइत गेलेली एक मुलगी (ही लहानपणची कुसानागीच) येऊन त्याला म्हणते, तूही गिताइ घे. तो विचारतो, या हातांनी तुला पक्षी घडता येईल? तिला जमत नाही.

लोक याला प्रेमकथा म्हणतात. मला तो मंगळवारचा ओपीडी वाटतो. स्नायूंच्या संकेतांवर चालणारा हात नवीन मिळालेल्या माणसाला आम्ही कागदी पेला धरायला देतो. पहिले कित्येक पेले चुरगळतात, कारण बोटांना काही कळत नाही. माणूस डोळे पेल्यावर खिळवून धरतो आणि मोटरचा आवाज ऐकून जोर ठरवतो. एक काका पाणी पिताना खोलीतला पंखा बंद करायला लावायचे, मोटर ऐकू यावी म्हणून. ज्या दिवशी ते गप्पा मारता मारता पेल्याकडे न बघता पाणी प्यायले, त्या दिवशी मी मनात म्हटलं, झाला आता यांचा हात.

त्यामुळे 'मूळचं किती टक्के' हे गणित मला कळत नाही. ती मुलगी पक्षी घडायला शिकली की नाही, ते बघा.

अर्धवट_एन४

मोजपट्टी, हे वाचून मी आराखडा फाडला. नवा लिहिते. पण शब्द राहिलाच. 'गिताइ'ला काय म्हणू? 'कृत्रिम' फार कोरडं आहे. 'देहकवच' फार पौराणिक. आतेभावाने 'नकली बॉडी' सुचवलंय.

जुनाट

नकली नक्कीच नाही. इथे एन४ला जपायला हवं. 'खोटं' या अर्थाचं एक 'गि' आहे जपानीत, पण ते अक्षर वेगळं. आणि 'गिताइ' असाच उच्चार असलेला आणखी एक शब्द आहे, सरड्यासारखं आजूबाजूचं रूप घेणं. फळ्यावर कांजी (चिनी वळणाची अक्षरं) लिहूनच बोला, नाहीतर सर सरडा समजतील.

आपल्या शब्दातलं 'गि' हे कर्तव्य, नीती, बांधिलकी या घरातलं. गिशु म्हणजे कृत्रिम हात, गिसोकु म्हणजे कृत्रिम पाय, गिशी म्हणजे कवळी. आणि तेच अक्षर लावून गिबो म्हणजे सासू, गिफु म्हणजे सासरे, गिक्योदाइ म्हणजे रक्ताचे नसलेले पण नात्याने झालेले भाऊ. थोडक्यात, जन्माने नाही पण नात्याने आपलं.

आपल्याकडे 'मानलेला भाऊ' म्हणतात ना? मी असतो तर 'मानलेला देह' लिहिलं असतं. सरकारी कागदावर चालणार नाही, हाप्प्योला चालेल.

पाणबुडी

वा! जुनाट, याच्यासाठी दहा वर्षांची तुमची सगळी तिरकस उत्तरं माफ.

डॉ_कडूलिंब

मानलेल्या देहाला मानलेली पाळी. माझी हरकत मागे घेतो.

अर्धवट_एन४

सर्वांचे मनापासून आभार. निकाल असा: सेइरी माझी, मेंदूही माझा (आतेभाऊ 'तिलाच खात्री नाही' म्हणून अर्धा गुण मागतोय), आणि तिसऱ्यात दोघंही बाद. मिसळ त्याच्याकडे, पाव माझ्याकडे, असं ठरलंय.

हाप्प्यो आता पक्ष्यापासून सुरू करणार आहे. रात्री आत्याकडे हेच मोठ्याने वाचून दाखवत होते. आत्याच्या सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या, त्यांनी मध्येच विचारलं, "मग आमच्या कवळीला काय म्हणालीस?" गिशी म्हटलं. "आणि मला?" गिबो. त्यांनी दोन्ही शब्द दोनदा घोकले. आज सकाळी ग्लासातून कवळी काढताना नातवाला हाक मारत होत्या, "अरे, माझी गिशी दे रे जरा."

मोजपट्टी

आजींना मिसळ चावेल ना? फरसाण आधीच रश्शात भिजवा.