दुसऱ्याच पावसाळ्यात इंजिन फुटलं. माल हलका की आपण हलगर्जी?

मुलुंडकर
आमच्या सोसायटीनं गेल्या वर्षी जूनच्या आधी पेट्रोलवरचं लॉनमॉवर घेतलं. यंदा ऐन श्रावणात, गवत घोट्याच्या वर आलेलं असताना, इंजिनातून खण्णकन आवाज आला आणि सगळं तेल हिरवळीवर. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) तुटून त्याच्या तुकड्यानं ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, अंगठा जाईल एवढं भोक पाडलंय. सर्व्हिस सेंटरनं वरवर बघून सांगितलं, तेल कमी होतं, वॉरंटीत बसत नाही. ब्लॉक सुटा मिळत नाही, अख्खं इंजिन घ्या. त्याची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त!

माझं मत स्पष्ट आहे. हल्ली टिकावी म्हणून कोणी वस्तू बनवतच नाही. आमचे माळीकाका आधी एका जिमखान्यावर होते. तिथलं बिडाचं जुनं मशीन त्यांच्याही आधीपासून होतं आणि ते सोडून आले तेव्हाही चालू होतं. तुमचे अनुभव सांगा.

ऑइलसील
असहमत. भांडुपला एलबीएस रोडवरच्या कारखान्यात क्वालिटीत होतो (कारखाना गेला, टॉवर आला, असो). "हल्लीचा माल" ही तक्रार तेव्हाही रोज ऐकायचो.

या किमतीच्या मॉवरला बहुधा तेलाचा पंप नसतो. तळाशी अर्धा-पाऊण लिटर तेल, ते एक चकती आत उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सगळा कारभार. रॉड ॲल्युमिनियमचा, त्याला वेगळं बेअरिंग नाही, थेट क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या खुंटीवर, फिरतो. तेल खाली गेलं की ॲल्युमिनियम वितळून पिनला चिकटतं, रॉड अडकतो आणि तुटतो. पुढचं भोक तुम्ही पाहिलंच आहे.

आता खरं सांगा. पहिल्या पाच तासांनंतर तेल बदललंत? बहुतेक मॅन्युअलांत तसं लिहिलेलं असतं, कारण नव्या इंजिनातला धातूचा चुरा त्या तेलात उतरतो. आणि बागेत बिल्डरनं केलेली टेकडी आहे का? पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर तेल एका बाजूला जातं नि चकती कोरडी फिरते.

मुलुंडकर
तेल बदललं होतं, बिल फाइलला आहे. दर वेळी सुरू करण्याआधी काका तेल मोजायची काडी बघतात, माझ्यासमोर बघतात. टेकडी आहे, पण तिथे ते खुरप्यानंच कापतात.

हिशोबनीस
एक कोणी विचारतच नाहीये. तीन कोटेशनं मागवून सगळ्यात खालचं पास केलं ना? 😄 आमच्याकडेही हेच. कमिटीत जो महागाचं सुचवेल त्याच्यावर कमिशन खाल्ल्याचा संशय. मग स्वस्तातलं घ्यायचं आणि मोडलं की "पूर्वी असं नव्हतं" म्हणायचं. पूर्वी जिमखान्यानं घेतलेलं मशीन त्या काळी किती पगारांचं होतं, तो हिशोब मांडा. शिवाय टिकलेलंच जुनं मशीन लोकांच्या डोळ्यांसमोर राहतं. त्याच्या बरोबरीची किती भंगारात गेली, ते दाखवायला कोण येणार?

नागदेवीवाला
हिशोबनीस, अर्धंच पटलं. स्वस्त माल स्वस्तासारखा चालणार, ठीक. पण दुरुस्तीची दारं बंद करायला कोणी सांगितलं? आमचं पार्ट्सचं दुकान आहे, वडिलांपासून. पूर्वी रॉड, पिस्टन, रिंगा, ऑइलसील (आयडी नव्हे, पार्ट) सगळं सुटं मिळायचं. ब्लॉक लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की मशीन परत कामाला. आता एकाच साच्यातलं इंजिन पाच स्टिकरांखाली येतं आणि प्रत्येकाचं कुठलं तरी एक भोक इकडचं तिकडे. गिऱ्हाईक रॉड हातात घेऊन येतं, मी बॉक्समागून बॉक्स उघडतो, काही बसत नाही. कार्ब्युरेटरचंही तेच, किट नाही, पूर्ण घ्या.

केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं ही क्षेत्रं धरली. सोसायटीचं मॉवर यातलं नेमकं कशात मोडतं, कोणी सांगेल का?

धूर
पेट्रोलबद्दल कोणीच कसं बोलत नाही? वीस टक्के इथेनॉल आहे आता. बाहेरचे बरेच इंजिनवाले मॅन्युअलमध्ये दहा टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात.

ऑइलसील
धूर, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, हे खरं. मुंबईच्या दमट हवेत टाकी महिनोन्महिने भरून ठेवली की पाणी तळाला बसतं, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबतो, जुनं रबर फुगतं. मशीन सुरू होणार नाही, धापा टाकेल. पण रॉड तुटला त्याचं खापर पेट्रोलवर फोडू नका.

मुलुंडकर, क्रँकपिनचा जवळून फोटो टाका. पिनवर चंदेरी लेप किंवा निळसर जळका डाग असेल, तर सर्व्हिस सेंटर बरोबर. आणखी एक, पातं कशावर आपटलं होतं का? मुंबईतल्या निम्म्या लॉनखाली बिल्डरचं राबिट असतं, पावसात माती बसली की विटांचे तुकडे वर येतात.

मुलुंडकर
फोटो टाकलाय. पिन लख्ख आहे, नखाला कुठे काही लागत नाही. रॉडच्या कॅपचा (रॉडला पिनवर धरून ठेवणाऱ्या झाकणाचा) एक बोल्ट मधोमध तुटलाय, दुसरा वाकलाय. पातं एकदा स्प्रिंकलरच्या तोंडावर लागलं होतं, गेल्या दिवाळीच्या सुमारास. इंजिन तिथेच बंद पडलं. मेकॅनिकनं फ्लायव्हीलची की (ते चाक शाफ्टवर धरून ठेवणारी छोटी पट्टी) बदलून दिली, पुढे व्यवस्थित चालत होतं.

हिशोबनीस
म्हणजे आपटलं होतं तर! हे आधी सांगायचं राहिलं वाटतं.

नागदेवीवाला
अहो, ती की मुद्दाम मऊ धातूची करतात. पातं अडकलं की तिनं कापलं जावं नि बाकीचं वाचावं. तिनं तिचं काम केलं. दिवाळीतल्या धक्क्यानं श्रावणात बोल्ट तुटतो होय?

ऑइलसील
तुटू शकतो. पण मग शाफ्ट वाकलेला असता, मशीन हातात थरथरलं असतं, काकांच्या लक्षात आलं असतं. फोटो मोठा करून पाहिला. तेलाचा आरोप मला तरी दिसत नाही. आता बोल्टचं तुटलेलं तोंड बघा. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानी रेघा असतील, तर तडा हळूहळू वाढत गेलाय. म्हणजे बहुतेक बोल्ट पहिल्यापासून सैल, कारखान्यात नीट आवळलेला नाही. मान ताणून बारीक झाली असेल, तर एकाच झटक्यात गेलाय.

आणि रेघा निघाल्या तरी तुमचं मूळ मत मला मान्य नाही. कोणत्या तरी शिफ्टला टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) नीट लागला नाही, यावरून सगळा जमानाच बिघडला असं होत नाही.

नागदेवीवाला
मग पाठवण्याआधी तपासायचं कोणी? तुम्ही क्वालिटीत होतात ना! आता ती तपासणी गिऱ्हाइकाच्या लॉनवर होते आणि निकाल आधीच छापलेला असतो, "तेल कमी". छोट्या पेट्रोल इंजिनात आता पैसा कोण घालणार? ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या छोट्या इंजिनांच्या अमेरिकन कंपनीनं २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, मग दुसऱ्या मालकाकडे गेली. होंडानं २०२३ मध्ये अमेरिकेतलं मॉवरचं उत्पादन थांबवलं. कॅलिफोर्नियात २०२४ पासून अशा नव्या पेट्रोल मशीनांच्या विक्रीलाच चाप बसला. सगळे बॅटरीच्या मागे. हा धंदा आता जो सगळ्यात स्वस्त देईल त्याचा.

खारूताई
ढकलायचं हातमशीन घ्या की! १८३० पासून आहे ते, तेल-पेट्रोलची भानगडच नाही. आमच्या बागेत दोघं माळी तेच चालवतात.

मुलुंडकर
ताई, तुमची बाग केवढी? आमच्याकडे पावसाळ्यात एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाचं वाढतं. आणि ओलं उंच गवत त्या रोलरच्या पात्यांत गुंडाळतं, काका हात जोडतात.

बोल्ट भिंगातून पाहिला. रेघा आहेत. ऑइलसील, तुमच्या पद्धतीनंच लिहून इंपोर्टरला पाठवतो, पत्ता खोक्यावर आहे. दाद दिली नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन.

ऑइलसील
पाठवा. पण "निकृष्ट दर्जा" वगैरे शब्द नकोत, ते वाचून कोणी हलत नाही. पिन साफ, बोल्टवर तड्याच्या रेघा, तेल बदलल्याचं बिल सोबत, एवढंच. स्प्रिंकलरचंही लिहा, लपवलंत तर तेच धरून बसतील. आणि बोल्ट त्यांच्या हातात देऊ नका. फोटो द्या.